गिधाडं आधी मेली



गोदीत कंबर दुखली तर कुणी सुट्टी देत नाही. गोळी देतात.

पन्नास किलोची गोणी. पाळी संपेपर्यंत किती उचलल्या ते मुकादम मोजतो. मणक्याचं काय झालं ते कुणी मोजत नाही. घरी बसलो की खाडा, खाडा झाला की रोज बुडाला, रोज बुडाला की चूल थंड. म्हणून पाळीवर जाण्याआधी आम्ही वस्तीतल्या दवाखान्याच्या बाकड्यावर रांगेनं बसतो. डॉक्टर मान वर करत नाही. "कुठं दुखतं?" एवढंच विचारतो. ढुंगणात एक इंजेक्शन आणि कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. पुडीवर नाव नाही. दोन तासांत दुखणं गायब. मुकादम खूश, डॉक्टर खूश, आणि च्यायला, सगळ्यांत जास्त खूश आम्हीच. पुन्हा गोणीखाली.

आमच्या टोळीतला एक दादा असा सात वर्षं खूश होता. मग पाय सुजले, मग तोंड सुजलं. सरकारी इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरणीनं त्याला पहिल्यांदा विचारलं, "काका, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं खाता?" दादा हसून म्हणाला, "बाई, भाकरीबरोबर खातो." आता आठवड्यातनं दोनदा मशीन त्याचं रक्त धुतं. त्याची गोणी दुसरा उचलतो, आणि तो दुसराही सकाळी त्याच बाकड्यावर असतो.

दादाच्या किडन्या निव्वळ गोळ्यांनी गेल्या असं मी शपथेवर सांगणार नाही. त्याला रक्तदाबही होता. पण सात वर्षांत एकदाही कुणी त्याचं रक्त तपासलं नाही, हा माझा आरोप आहे. आणि तो एकट्या डॉक्टरवर नाही.

पुडीवर नाव नसलं तरी गोळीला नाव असतं. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, निमसुलाइड, अशी ही भावकी आहे. अंगाला इजा झाली की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. त्यांनी सूज येते, कळ उठते. गोळी ती द्रव्यं अडवते. पण तीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात आणि अंगातलं पाणी आटलं की किडनीकडं जाणारी रक्ताची वाट उघडी ठेवतात. आता डोळ्यांसमोर आणा. मे महिना, जहाजाचं लोखंडी पोट, सदरा पिळावा इतका घाम, आणि प्यायचं पाणी वर धक्क्यावर. किडनी ज्या आधारावर तग धरून आहे, तोच आधार गोळी काढून घेते. टेनिस खेळून साहेबाची कोपर दुखली तर त्यालाही हीच गोळी. पण तो चार दिवस खातो, पाणी पितो, आराम करतो. आम्ही खातो ती आराम न करण्यासाठी. हा फरक कुठल्या खोक्यावर छापलाय? आमच्या पुडीला तर खोकंच नाही.

आता गिधाडांचं ऐका.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. आपल्या आज्यापणज्यांनी ते सोडलं. ढोर गिधाडांना राहिलं. १९९०नंतर ती गिधाडं झाडाझाडावर माना टाकून मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ एवढ्या काळात हजारी एखादंच उरलं. मलबार हिलच्या डोंगरवाडीत पारशांच्या प्रेतांना गिधाड मिळेना. २००४ साली शास्त्रज्ञांनी मेलेली गिधाडं फाडून काय पाहिलं ते जगापुढं मांडलं. मरण्याआधी ढोराला डायक्लोफेनॅक टोचलेलं होतं. ते मांस गिधाडानं खाल्लं, त्याची किडनी बंद पडली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढला. २००६ साली सरकारनं जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ साली हुकूम निघाला, माणसांचं इंजेक्शन एका डोसाच्या बाटलीतच विका.

माणूस गिधाड नाही. गिधाडाला थोडक्यात मारणारं औषध माणूस पचवतो, हे विज्ञान मला मान्य आहे. गिधाडांसाठी केलं ते चांगलंच केलं. माझा सवाल वेगळा आहे. गिधाड मेलं तर कशानं मेलं हे शोधणारं कुणीतरी होतं. गोदीतला माणूस मेला तर दाखल्यावर लिहितात, किडनी निकामी. कशानं निकामी, ते कोण शोधणार?

कुणी म्हणेल, हा झोपडपट्टीतल्या दवाखान्याचा अडाणीपणा आहे. ठीक आहे, अमेरिकेत चला. तिथं मर्क कंपनीनं १९९९ साली व्हायॉक्स नावाची दुखण्याची गोळी बाजारात आणली. जठराला सोसेल म्हणून तिची टिमकी वाजवली. २००० साली कंपनीच्याच चाचणीत दिसलं, नॅप्रॉक्सेन ही जुनी गोळी घेणाऱ्यांपेक्षा व्हायॉक्सवाल्यांना हृदयविकाराचे झटके चारपटीच्या वर. कंपनी म्हणाली, आमची गोळी वाईट नाही, ती दुसरीच हृदयाला राखते. म्हणजे चोर सापडला तर म्हणतो, मी चोर नाही, शेजारीच फार साधू आहे! त्या चाचणीच्या लेखातून तीन झटके वगळले होते, हे लेख छापणाऱ्या मासिकानं २००५ साली जाहीर केलं. डॉक्टरांनी हृदयाबद्दल विचारलं तर प्रश्न कसा चुकवायचा, हे विक्रेत्यांना शिकवायला कंपनीनं चक्क एक खेळ बनवला होता. नाव डॉजबॉल! ३० सप्टेंबर २००४ला गोळी मागं घेतली. डिसेंबरात भारतानंही तिच्यावर बंदी घातली. तोवर एकट्या अमेरिकेत ८८ हजार ते १ लाख ४० हजार लोकांना जास्तीचा गंभीर हृदयविकार जडला असावा, असा अंदाज तिथल्याच औषध खात्यातल्या एका शास्त्रज्ञानं मांडला. २००७ साली कंपनीनं ४८५ कोटी डॉलर मोजून खटले मिटवायचं ठरवलं.

आणि हे तर खास आपल्यासाठी. मर्कनं पैसे दिले आणि एल्सेव्हियर या बड्या प्रकाशनानं ऑस्ट्रेलियात हाडांच्या आजारांचं एक 'वैद्यकीय मासिक' काढलं. दिसायला विद्वान, आतून जाहिरात. २००९ साली कोर्टात बिंग फुटलं. आम्ही उधारीच्या कागदावर पानं छापतो तर प्रस्थापित विचारतात, हे साहित्य आहे का? त्यांना विचारा, ते विज्ञान होतं का?

आता परत घरी या. डॉक्टरांनी कंपन्यांच्या भेटी घेऊ नयेत, हा नियम २००९पासून आहे. २०२२ साली सुप्रीम कोर्टापुढं एका कंपनीचा आयकराचा खटला आला. डॉक्टरांना दिलेली सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप हा धंद्याचा खर्च धरा आणि करात सूट द्या, अशी तिची मागणी होती! कोर्टानं ती फेटाळली आणि म्हटलं, या भेटींचा खर्च औषधाच्या किमतीतून रोग्याच्याच माथी बसतो. म्हणजे डॉक्टरच्या घरातला फ्रिज आमच्या कंबरेवरून वर चढलाय. २०२३च्या ऑगस्टात नियम आले, औषधाचं मूळ नाव लिहा. डॉक्टरांच्या संघटना ओरडल्या आणि त्याच महिन्यात नियम स्थगित झाले. २०२४ साली कंपन्यांसाठी आचारसंहिता आली. तक्रार कुणाकडं करायची? कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीकडं. कोंबड्यांनी गाऱ्हाणं घेऊन कोल्ह्याच्या पंचायतीत जायचं!

बाजारात चप्पल घेताना आपण पायात घालून बघतो. औषधाचं उलटं आहे. निवडतो डॉक्टर, नफा कंपनीचा, पैसे आपले, आणि गिळतोही आपणच. ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. ज्ञान एकाच्या तोंडात आणि ओझं दुसऱ्याच्या पाठीवर, हेच मनूनं लिहिलं. तेव्हा वेद ऐकला तर कानात शिसं. आता गोळीचं नाव विचारलं तर उत्तर येतं, "डॉक्टर तू का मी?"

कुणी चुकीचा अर्थ काढू नका. आपण औषधाचे वैरी नाही. आपण अंगारेधुपारे फेकून बुद्धाकडं आलेली माणसं आहोत, आणि जीवकासारखा वैद्य बुद्धाच्या जवळचा होता. म्हणूनच पुडीत बांधलेला बिननावाचा नवा अंगारा आपल्याला नको.

मागायचं ते मोजकं आहे. पुडीवर औषधाचं मूळ नाव, मराठीत. वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या किडनीची तपासणी, फुकट. जहाजाच्या पोटात पाणी आणि पाळीच्या मध्ये आराम. गोणीचं वजन कमी. हे शेवटचं सगळ्यांत मोठं आहे, कारण कंबरेला रोग झालेला नाही, कंबरेवर गोणी आहे. रोग असता तर गोळीनं गेला असता. गोणी गोळीनं जात नाही.

तोवर आपल्या वस्तीतल्या दवाखान्यात दोघादोघांनी जा. बाकड्यावरून उठा आणि शांतपणे विचारा, "डॉक्टर, ही कुठली गोळी? किती दिवस? हिनं काय बिघडतं?" उत्तर मिळेपर्यंत हलू नका.

गिधाडांना विचारता येत नव्हतं.

जय भीम.