कुलूप, दोरा आणि पदार्थविज्ञान

गेल्या महिन्यात बडोद्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. नातू नववीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. त्या लिहितात, ‘‘तो अभ्यासाला बसला की मी शेजारी बसते. इतिहास असो, संस्कृत असो, दोन शब्द सांगता येतात. पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडले की मात्र मी उठून स्वयंपाकघरात जाते. साठी उलटल्यावर या विषयाचा श्रीगणेशा करता येईल काय? आणि करावयाचा तर कोठून?’’

पत्रातील ‘उठून जाते’ हे शब्द मला लागले. शाळेत असताना मीही मनाने असाच उठून गेलो होतो. फळ्यावर व्याख्या लिहून दिल्या जात. आम्ही त्या घोकीत असू आणि गुणही मिळवीत असू. त्या व्याख्यांचा अंगणात उसळणाऱ्या चेंडूशी काही संबंध आहे, हे कधी ध्यानात आले नाही. चाळिशीत विषय पुन्हा हाती घेतला तेव्हा कळले, की मी जिना वरच्या पायरीपासून चढू पाहत होतो.

म्हणून, भगिनी, आरंभ पुस्तकाने करू नका. घरातील एक लहान कुलूप, मजबूत दोरा, शिवणकामाची टेप आणि सेकंद मोजणारे घड्याळ घ्या. नातवाचा मोबाइलही चालेल. दाराच्या चौकटीवरील खिळ्याला कुलूप टांगा. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंतचे अंतर २५ सेंटिमीटर ठेवा. कुलूप दोनतीन बोटे बाजूला ओढून अलगद सोडा. ते पलीकडे जाऊन परत आले की एक आंदोलन झाले. अशी २० आंदोलने मोजा. सुमारे २० सेकंद लागतील.

आता दोरा वाढवून हे अंतर चौपट, म्हणजे एक मीटर, करावयाचे आहे. पण त्यापूर्वी २० आंदोलनांना किती वेळ लागेल याचा अंदाज आजी व नातवाने वेगवेगळ्या कागदांवर लिहून ठेवावा. बहुतेकजण ८० सेकंद लिहितात. प्रत्यक्षात सुमारे ४० भरतात! लांबी चौपट झाली, वेळ मात्र दुप्पटच झाला. मग त्याच लांबीवर दुसरे, जड कुलूप टांगून पाहा. वेळ जवळजवळ तेवढाच येईल.

जड कुलपाला पृथ्वी अधिक जोराने ओढते हे खरे. परंतु त्याला हलविणेही त्याच प्रमाणात अधिक कठीण असते. दोन्ही गोष्टी सारख्याच वाढल्याने वेळेत फरक पडत नाही. हलविण्यास होणाऱ्या या विरोधाचे माप म्हणजे ‘वस्तुमान’, आणि पृथ्वीच्या ओढीचे माप म्हणजे ‘वजन’. शाळेत ज्या दोन शब्दांची आम्ही सदैव गल्लत करीत असू, ते दोन कुलपांनी निराळे करून दाखविले.

या आंदोलनांचा विचार गॅलिलिओने केला होता. १६०२ सालच्या त्याच्या एका पत्रात त्याची चर्चा आहे. आपल्या हाती आहे तसे घड्याळ त्याच्याजवळ नव्हते. लंबकाचे घड्याळ हायगेन्सने तयार केले ते पुढे १६५६ साली.

गणिताची भीती वाटते ना? मग हेच आकडे पाहा. लांबी चौपट, वेळ दुप्पट. चाराचे वर्गमूळ दोन. तर लांबी नऊपट केल्यास वेळ तिप्पट व्हावयास हवा. जिन्याच्या कठड्यावरून सव्वादोन मीटरवर कुलूप सोडून पाहा. २० आंदोलनांना मिनिटभर लागेल. न पाहिलेली गोष्ट आधी सांगता येणे आणि ती खरी ठरणे, हा या विद्येचा खरा आनंद आहे. गणित तेथे आपल्या सोबतीला असते. प्रारंभी त्रैराशिक, साधी समीकरणे आणि आलेख एवढे पुरे. कलनशास्त्र मागाहून यावे.

पुढचा क्रम असा ठेवावा: प्रथम गती, मग बल, त्यानंतर कार्य व ऊर्जा, पुढे उष्णता, ध्वनी, प्रकाश व वीज, अणू सर्वांत शेवटी. कृष्णविवरांपासून आरंभ करणाऱ्याला सुरस गोष्टी मिळतात, पण स्वतः पडताळून पाहावे असे हाती काही लागत नाही.

पुस्तके महाग असण्याचे कारण नाही. एन.सी.ई.आर.टी.ची नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत व हिंदीत इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. रोज अर्धा तास, दोन पाने वाचावीत आणि खालची उदाहरणे वहीत स्वतः सोडवावीत. उत्तर पाहून ‘समजले’ म्हणणे ही स्वतःची फसवणूक होय. फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांना दिलेली व्याख्याने आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. तथापि ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावीत.

भाषेची अडचण आपल्यासारख्या घरांत निराळीच असते. आपण ज्याला वस्तुमान म्हणतो, त्याला हिंदीत द्रव्यमान आणि गुजरातीत दळ म्हणतात. नातवाच्या पुस्तकात ‘मास’ असते. वहीत हे चारही शब्द शेजारी शेजारी लिहावेत. मराठी शब्दासाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर उपलब्ध आहे. परक्या शब्दाला घरचा शब्द भेटला की अर्थ उलगडू लागतो, आणि ते काम घरात आजीइतके चांगले कोण करील?

नातवाला सर्व काही शिकविण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. ‘‘असे का रे होते? चल, मोजून पाहू,’’ एवढे म्हणत त्याच्या शेजारी बसून राहा. स्वयंपाकघरात जावेसे वाटले, तर येताना कुलूप घेऊन या!