ऐंशीचं दशक पानात वाढताना

मित्रमंडळींनी जेवायला जमायचं, पण एखादं दशक ठरवून, ही पद्धत मुंबई-पुण्यात आता चांगलीच रुळली आहे. त्यातही ऐंशीच्या दशकाला मागणी जास्त. ठिपक्यांचे कपडे, कॅसेट प्लेअर, बप्पी लाहिरींची गाणी. टेबलावर रसना, मॅगी आणि काडीला टोचलेले चीज-अननसाचे तुकडे. यात मजा आहे आणि तिला नाक मुरडायचं कारण नाही. खटकतं ते एवढंच की, जाहिरातींनी दाखवलेलं दशक तेवढं पानात येतं. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं 1982 साली. पडद्यावर जे जे आलं ते आठवणीत पक्कं बसलं. पडद्याबाहेर लोक काय जेवत होते, ते कोण रांधत होतं, हे मात्र थीम ठरवणाऱ्याला सुचतही नाही.

त्याच 1982 च्या 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो संप औपचारिकपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही. कोकणातून, साताऱ्याकडून एकटे आलेले हे पुरुष खोल्यांमधून दाटीवाटीने राहत आणि जेवायला खानावळीत जात. खानावळ म्हणजे बहुतेकदा एखाद्या बाईची दहा बाय दहाची खोली. भात, आमटी, भाकरी, उसळ, जमलं तर सुकट. हिशेब महिन्याचा, पगारावर. महिनाभराचा किराणा मात्र बाईने आधी भरायचा, आणि त्यासाठी सावकाराचं व्याज. त्या कर्जातून या बायकांना सोडवून बँकांचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. संप लांबला, कामगार गावी परतले आणि खानावळीच्या पंगतीही उठल्या. मुंबईच्या ऐंशीच्या दशकातलं जेवण म्हणायचं तर त्यात हेही येतं. ज्या लोअर परळमध्ये हे घडलं तिथे आज फिनिक्स आणि कमला या गिरण्यांच्या आवारात उपाहारगृहं आहेत. ‘रेट्रो नाइट’ साजरी करायला याहून नेमकी जागा नाही, फक्त ते तिथे बसणाऱ्यांना ठाऊक नसतं.

यावर कोणी म्हणेल, पार्टी आहे, इतिहासाचा तास नव्हे; चार घटका हसायला जमलेल्यांच्या ताटात संप कशाला वाढायचा? म्हणणं रास्त आहे. गरिबीचं सोंग आणून भाकरी-ठेच्याची ‘थीम’ करणं तर त्याहून ओंगळ. पण अमुक दशकाचं जेवण असं आपणच जाहीर केलं की त्या दशकाशी थोडं तरी इमान राखावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टीव्हीची ओढ काय फक्त पैसेवाल्यांना होती? चाळीत ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी ‘रामायण’ बघायला सगळा मजला लोटायचा. खरंच आहे. पण मग आठवणीत तो मजला यायला हवा, दाराशी पडलेला चपलांचा ढीग यायला हवा. प्रत्यक्षात येतो तो एकटा संच, शोभेची वस्तू म्हणून कोपऱ्यात मांडलेला. एकाच शाळेतली, एकाच वस्तीतली मंडळी जमली की आठवणीही एकाच साच्यातून निघतात, आणि तो साचा आता कंपन्यांनाही पाठ झाला आहे. कॅम्पा कोला 2023 साली पुन्हा बाजारात आली ती काही आपल्या बालपणाची कणव येऊन नव्हे.

तेव्हा थीम ठेवायची तर खुशाल ठेवावी. फक्त पदार्थ ठरवण्याआधी त्या काळात रोज चूल किंवा स्टोव्ह सांभाळलेल्या एखाद्या बाईला विचारावं: रॉकेल, पामतेल, साखर रेशनवर केव्हा मिळायची, पाहुणे आले तर काय व्हायचं, महिनाअखेरीला काय शिजायचं. ती सांगेल त्यातलं एक तरी टेबलावर ठेवावं, आणि तिलाही जेवायला बोलवावं. एवढंही जमणार नसेल तर आमंत्रणावर दशकाचं नाव घालू नये. नुसतं ‘जेवायला या’ लिहावं.