रानभाज्यांचा ९ ऑगस्ट
९ ऑगस्ट १९८२ला संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली. १९९४ साली आमसभेने हाच जागतिक आदिवासी दिन ठरवला. क्रांतिदिनही तोच, आणि त्याच लढ्यात पुढे भाई कोतवाल व हिराजी पाटील मुरबाडच्या सिद्धगडावर हुतात्मा झाले, म्हणून इथे त्याचे मोल दुहेरी. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी वाड्यांभोवती तेव्हा करटोली, भारंगी, कुर्डू भरात असतात. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव याच सुमारास होतात. पण मांडव उठला की बाया पुन्हा रस्त्याकडेला भिजत बसतात, आणि भाव ठरवते गिऱ्हाईक. माळशेज घाटाची बरीच गर्दी मुरबाडवरून जाते. ग्रामपंचायतींनी तिथे गणपतीपर्यंत छपराचे ओटे द्यावेत. आणि तुम्ही गाडी थांबवाल, तेव्हा घासाघीस करू नका.