वृद्धाश्रमातल्या गोळ्या कोण मोजतं?

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे वाद ठरलेला. मुलगा अमेरिकेत, सून नोकरीवाली, मग 'काय दिवस आले', मग पूर्वीची एकत्र कुटुंबं.. आणि चहा संपतो. या वादाने आत राहणाऱ्या माणसाची साधी गुडघेदुखीसुद्धा कमी होत नाही. आईवडिलांना तिथे ठेवावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. ठेवल्यावर त्यांच्या प्रकृतीकडे कोण बघतं, यावर मात्र कुणी बोलत नाही.

आमच्या मावशीचंच सांगते. वय ८१, दोन वर्षं झाली वृद्धाश्रमात. माणसं मायेची, जेवण चांगलं, संध्याकाळी भजन. पण सकाळी उठलं की भोवळ. दोनदा न्हाणीघरात पडली. सगळे म्हणाले, वय झालं. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तिच्या सगळ्या गोळ्या पलंगावर ओतायला लावल्या. रक्तदाबाचं एकच औषध, दोन कंपन्यांच्या नावांनी, दोन डॉक्टरांकडून आलेलं! शिवाय हॉस्पिटलात आठवड्यापुरती दिलेली झोपेची गोळी वर्षभर चालूच. एक पाकीट लगेच बंद झालं, झोपेची गोळी हळूहळू कमी केली. भोवळ थांबली. वय आहे तेवढंच आहे!

यात खलनायक कुणी नाही. हाडांचे डॉक्टर हाडं बघतात, हृदयाचे हृदय. सगळी मावशी एकत्र बघणारं कुणी नव्हतं, इतकंच.

अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये नर्सिंग होममधल्या वृद्धांना देताना टाळावीत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही सुधारून वापरतात. कारण साधं आहे. म्हातारपणी औषध शरीरातून निघून जायला वेळ लागतो, म्हणून चाळिशीत झोपवणारी गोळी ऐंशीत पाडते.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी वेगळी रांग आणि जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी खास सोय असावी, असं लिहिलेलं आहे. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते दाखल झाल्यावर. म्हणजे पडून मोडलेल्या हाडाला कार्ड चालतं, पडू नये म्हणून गोळ्या तपासायला नाही!

मग करायचं काय? फार खर्चाचं काहीच नाही. प्रत्येकाच्या नावाचा एक कागद असावा: आजार, औषधं, कशाची अॅलर्जी, रात्री त्रास झाला तर कुठे न्यायचं, सोबत कोण जाणार. दर तीन महिन्यांनी एकाच डॉक्टरने तो पूर्ण वाचावा. आणि दात, कान, चष्मा हेही आजारपणाइतकंच मोजावं. ऐकू येत नाही म्हणून गप्प बसलेल्या माणसाला आपण 'भ्रमिष्ट' म्हणून मोकळे होतो.

पंचवटीत तर निमित्त शोधायलाही लांब जायला नको. दिंडोरी रोडने म्हसरूळला गेलं की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासूनचं. राज्यभरची नर्सिंगची, फिजिओथेरपीची, आयुर्वेदाची कॉलेजं त्याला जोडलेली. विद्यार्थ्यांना महिन्यातला एक दिवस शेजारच्या वृद्धाश्रमात का पाठवू नये? म्हाताऱ्यांना तपासणी मिळेल आणि मुलांना पुस्तकात नसलेलं म्हातारपण दिसेल.

रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला आपले तीर्थोपाध्याय चोपडी उघडून चार पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. गेलेल्यांची इतकी नीट नोंद ठेवणाऱ्या गावाला, असलेल्यांच्या गोळ्यांचा एक कागद ठेवणं जड आहे का?

तोपर्यंत नातेवाईक मंडळींना एकच विनंती. फोनवर 'जेवलीस का?' विचारतोच, पुढे 'गोळ्या कुठल्या चालू आहेत, वाचून दाखव बरं' एवढं विचारा. आणि तुमच्या गावच्या आश्रमात कुणी हे नीट करत असेल तर जरूर कळवा, आम्हाला शिकायचं आहे.