चिप बंद झाली म्हणून मशीन भंगार?

"बोर्ड ऑब्सोलिट झालाय, नवीन पॅनेल घ्या." शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, कुठल्याही कारखानदाराला विचारा, हे वाक्य त्यानं एकदा तरी ऐकलंय. सर्व्हिस इंजिनिअर येतो, पॅनेल उघडतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि निघून जातो. आठवड्यानं कोटेशन येतं, लाखांत. मी उद्यमनगरात बोर्ड दुरुस्त करून पोट भरतो, त्यामुळं माझा यात स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो. पण जे माझ्या टेबलावर रोज दिसतं ते लिहिणारच.

मंडळी, आधी प्रकरण काय ते समजून घ्या. मशीनमधला व्हॉल्व्ह, क्लच, ब्रेक हलवतो तो सोलेनॉइड, म्हणजे तारेचं वेटोळं. त्याला लागतात चोवीस व्होल्ट आणि बऱ्यापैकी करंट. मशीनचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, देतो पाच व्होल्ट आणि नावाला करंट. या दोघांच्या मधे एक हमाल बसलेला असतो. ती ड्रायव्हर चिप. प्रोसेसर सांगतो, ही ओझं उचलते. आणि ओझं उचलणाराच आधी मरतो, हे माणसांत तसंच बोर्डातपण. वेटोळ्याचा करंट तोडला की उलटा झटका येतो. तो जिरवणारा डायोड गेला किंवा कॉइल आतून शॉर्ट झाली, की चिप गेलीच. बाकी अख्खा बोर्ड ठणठणीत.

मागं इचलकरंजीच्या एका खर्चीवाल्याचा बोर्ड आला होता. सेकंडहँड घेतलेला एअरजेट माग. या मागात बाण्याचा धागा हवेच्या झोतावर पळतो, आणि पन्ह्याभर लावलेल्या नोझल सोलेनॉइड व्हॉल्व्हनं एकामागून एक उघडत जातात. मधला एक गट उघडेना, धागा अर्ध्यात पडायचा, माग थांबायचा. कंपनीच्या माणसानं नेहमीचं वाक्य सांगितलं. गड्यानं माग भंगारात काढायची तयारी केली होती. बिघडलं काय होतं? अठरा पायांची एक चिप, यूडीएन २९८१.

आता ही चिप अ‍ॅलेग्रो कंपनीनं बनवणं बंद केलंय, हे खरं. पण तोशिबाची टीबीडी ६२७८३ पायाला पाय जुळते, आठ चॅनेल, पन्नास व्होल्ट, तेच काम, आणि मॉसफेटची असल्यानं सहसा गरमपण कमी होते. अस्सल घेतली तरी किंमत दोन माणसांच्या मिसळीपेक्षा जास्त नाही. यूएलएन २८०३ तर अजून सर्रास मिळते. फक्त इथं डोकं लागतं. दोन्हीला पाय अठराच, पण २८०३ ग्राउंडकडनं ओढते आणि २९८१ वरून सप्लाय देते. २८०३ चा नववा पाय ग्राउंड, २९८१ चा नववा पाय सप्लाय. "अठरा पाय दिसले, बसवली" असं कुणी केलं तर धूर निघणार. आणि नवी चिप लावायच्या आधी प्रत्येक कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचा, नाहीतर शॉर्ट कॉइल नव्या चिपलापण खाते. शिवाय बाजारात जुन्या चिपा घासून वर नवा नंबर छापून विकतात, त्यामुळं माल बघून घ्यायचा. हे सगळं शिकता येतं. यात जादू काही नाही.

मग अडतं कुठं? माहितीत. पूर्वी पॅनेलच्या दाराला आतून कप्पा असायचा, त्यात सर्किट डायग्राम घडी घालून ठेवलेला असायचा. आता डायग्राम मागितला तर "गोपनीय आहे". काही कंपन्या तर चिपवरचा नंबर घासून पाठवतात, वर काळा एपॉक्सी ओततात. मशीन मी पैसे मोजून घेतलं, कर्जाचा हप्ता मी भरतो, आणि आत काय आहे ते मला कळू द्यायचं नाही. हे कुठलं गुपित? आठ ट्रान्झिस्टरची चिप काय अणुबॉम्ब आहे व्हय?

"सेफ्टीसाठी" असं उत्तर मिळतं. बरं, सेफ्टीचंच बोलू. पॉवर प्रेसचा क्लच सोलेनॉइडवर चालतो. ड्रायव्हर जळून शॉर्ट झाला तर सोलेनॉइड चालूच राहतो, आणि खाली कामगाराचा हात असतो. म्हणून अशा सर्किटला जुगाड नकोच, तिथं मीसुद्धा डायग्राम नसेल तर बोर्ड परत करतो. पण दुरुस्ती तर होणारच आहे, कुणीतरी कुठंतरी करणारच आहे. ती आंधळेपणानं व्हावी की कागद समोर ठेवून? सेफ्टीची एवढी काळजी असेल तर आधी डायग्राम द्या.

सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट. पण त्यासाठी क्षेत्रं धरली चार: शेती अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या. माग नाही, लेथ नाही, प्रेस नाही, मोल्डिंग मशीन नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही धंद्यासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला त्यात सवलत आहे, पण चार मागांच्या खर्चीवाल्यानं ते कोर्टात सिद्ध करत बसायचं? मिक्सर बिघडला तर दाद आहे, ज्या मागावर घर चालतं त्याला नाही.

आणि आपलं आपणही बघू. माग दारात उतरवून घेताना पेढे वाटतो, करारात सर्किट डायग्रामची एक ओळ लिहीत नाही. याच कोल्हापुरात १९१८ साली बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी उभा केला. त्यांना कुणी मॅन्युअल दिलं नव्हतं! त्या गावात आज एका चिपसाठी मशीन भंगारवाल्याला वजनावर जातं.

म्हणून स्मॅक, गोशिमा आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशनला जाहीर विनंती. खरेदी ऑर्डरसाठी एक छापील कलम तयार करा. मशीनसोबत सर्किट डायग्राम, पार्ट लिस्ट आणि प्रोग्रामचा बॅकअप मिळाल्याशिवाय शेवटचे दहा टक्के द्यायचे नाहीत. एकटा खर्चीवाला मागेल तर त्याला हाकलतील, सगळ्यांनी मिळून मागितलं तर द्यावं लागेल. आणि आमदार-खासदारांनी त्या चार क्षेत्रांत पाचवं घालायची मागणी करावी, उद्योगांच्या यंत्रांचं. निवडणुकीत उद्यमनगरात चहा प्यायला येता, तेव्हा हे पण ऐका.

तोवर माझ्याकडं बोर्डावरून ट्रॅक मोजून हातानं काढलेले काही डायग्राम आहेत, एअरजेटचे आणि प्रेसचे. ज्याला हवेत त्यानं दुकानात यावं. झेरॉक्सचे पैसे तेवढे द्या. आणि कुणाच्या माळ्यावर जुन्या मशीनची मॅन्युअल पडली असतील तर रद्दीत घालू नका, आधी मला दाखवा.