रंग नको, भाजी दुप्पट

अजिनोमोटोला शिव्या घालणं आपण आता थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. या आठवड्यात आमच्या काटेवाडीतल्या बायकांच्या ग्रुपवर तो संदेश पुन्हा फिरला. चायनीज खाऊ नका, त्यात अजिनोमोटो असतं, ते विष आहे, दहा जणांना पाठवा. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. आणि संध्याकाळी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या चायनीजच्या गाडीसमोर त्यातलेच ओळखीचे चेहरे पार्सलची वाट बघत उभे होते. त्यांचा मला जराही राग आला नाही. दिवसभर एमआयडीसीत राबून आलेल्या बाईला घरी गेल्यावर पुन्हा चुलीपुढं उभं राहावंसं वाटलं नाही, तर त्यात तिचं काय चुकलं? राग आला तो त्या संदेशाचा. तो वाचून माणूस गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारतो, ‘अजिनो नाही ना टाकत?’ तो नाही म्हणतो. मग बाकीचं सगळं निर्धास्तपणे पोटात जातं.

माहितीचं काय ते एकदाच सांगून टाकते. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्रातल्या कोंबू नावाच्या शेवाळाच्या अर्कातून अजिनोमोटोची चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चायनीज खाल्ल्यावर मान बधिर होते, छातीत धडधडतं, असं त्यात होतं आणि तिथून ही भीती जगभर पसरली. पुढच्या अभ्यासांत, नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर त्यानं बहुतेकांना अपाय होतो, असं काही सिद्ध झालं नाही. मिठात सोडियम असतं सुमारे ३९ टक्के, अजिनोमोटोत १२ टक्के. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम घ्यायला सांगते, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. फुल राईसवर बाटली कितीदा तिरकी होते, ते तुम्ही रोज डोळ्यांनी बघता.

आता खरं दुखणं कुठं आहे ते सांगते. कुठल्याही गाडीवर दुपारी चारच्या सुमारास जाऊन थोडा वेळ उभं राहा. कोबी किसून, मीठ लावून, पिळून ठेवलेला असतो. त्यात मैदा आणि कॉर्नफ्लोर पडतं आणि मग एका छोट्या डबीतून लाल रंग. हात मनगटापर्यंत लाल होतात. गोळे अर्धवट तळून परातीत रचून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की त्याच तेलात पुन्हा सोडतात. ते तेल कालचं आहे की परवाचं, हे कोणी विचारत नाही. तळणाचं तेल खराब झालं कधी म्हणायचं, याचं मोजमाप अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून लागू केलं आहे. पण ते मोजायचं यंत्र गाडीवर कुठून येणार? तिथं आपले डोळे आणि नाकच कामाला येतात. तेल काळपट झालंय, गोळा सोडला की दाट फेस चढतो, मंद आचेवरही धूर येतो, एवढं दिसलं की त्या दिवशी तळलेलं काही मागू नये.

रंगाचं तर मला फारच लागलं आहे. आमचा पुतण्या दर रविवारी पार्सल आणतो. एकदा घाईत त्यानं मंच्युरियनची ग्रेव्ही प्लॅस्टिकच्या डब्यात काढून ठेवली. ते झाकण मी राखेनं घासलं, मग साबणानं घासलं, उन्हात ठेवलं. त्याची गुलाबी झाक गेली नाही. पोराची जीभही तशीच रंगलेली होती. झाकण टाकून देता येतं, पोराच्या पोटाचं काय करायचं, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याआधी तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित रंग सापडले होते. गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेनं तर त्याच वर्षी गाड्यांवरचं गोबी मंच्युरियनच बंद केलं. आपल्याकडे मात्र अजून सगळा दोष एकट्या अजिनोमोटोच्या माथी.

मग मी गाडीवरच्या पोराशीच बोलायचं ठरवलं. बिचारा कष्टाळू आहे, गाडी पुसून लख्ख ठेवतो. म्हटलं, ‘बाळा, हा रंग कशाला घालतोस? चव तर नाही त्याला.’ तो म्हणाला, ‘मावशी, नाही घातला तर लोक म्हणतात कच्चं राहिलंय. लालच मागतात.’ त्याच्या या उत्तरानं माझे डोळे उघडले. तो फसवत नाही, आपणच मागतो ते देतो. मंच्युरियन १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी पहिल्यांदा केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपल्या फोडणीतलीच सामग्री, फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर. जो पदार्थ इथल्या माणसाची जीभ ओळखून घडला, तो इथल्या माणसाची तब्येत बघून बदलायला कोणाची आडकाठी आहे?

तेव्हापासून मी माझं पार्सल असं सांगते. कढई तापू दे, तेल डावभर नको, चमचाभर घाल. आधी लसूण, आलं, हिरवी मिरची. मग कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी, नेहमीच्या दुप्पट आणि करकरीत राहील इतपतच परतलेली. त्यावर दोन अंडी फोड, भात अर्धाच टाक. सोया सॉस निम्मा, वर मीठ नको. शेजवान चटणी वेगळ्या पुडीत दे, आम्ही लागेल तशी घेऊ. कधी मनचाव सूप मागितलं तर त्यावरच्या तळलेल्या शेवया परत देते. चिकन हवं असेल तर लॉलीपॉपऐवजी साधे तुकडे भाजीबरोबर परतून मागते. घरच्या पोरांना सुरुवातीला हे फिकट वाटलं. पण मोठ्या आचेवर परतलेल्या लसणाचा आणि ढोबळीचा तो धुरकट वास डब्यातून आला, की त्यांची तक्रार राहिली नाही. माणसाचा जीव जातो तो त्या वासासाठी. तो रंगात नसतो, तळणातही नसतो, तो तापलेल्या लोखंडी कढईत असतो.

पण त्या पोरानं मला एक अडचण सांगितली आणि तिनं माझा सगळा आठवडा व्यापला. म्हणाला, ‘मावशी, तुमच्या एकटीचं करतो, पण सगळ्यांना दुप्पट भाजी घातली तर मला परवडत नाही. मैदा स्वस्त आहे, भाजी महाग.’

काटेवाडीत भाजी महाग! नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकणारा हा पट्टा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भारत आणि नेदरलँड्सच्या सहकार्यातून उभं राहिलेलं भाजीपाला गुणवत्ता केंद्र आहे. तालुक्यात शेडनेटमध्ये ढोबळी पिकते, ती खोक्यांत भरून पुण्या-मुंबईच्या बाजारात जाते. आणि आमच्याच वस्तीवरच्या एका शेतकऱ्यानं मागच्या हंगामात उभ्या कोबीवर रोटाव्हेटर फिरवला, कारण काढणीची मजुरीही निघत नव्हती. मी बांधावर उभी होते. गड्डे फुटताना जो करकर आवाज येतो, तो ऐकवत नव्हता. त्याची बायको मला म्हणाली, ‘वहिनी, जनावरांनी तरी किती खावा?’ त्याच दिवशी संध्याकाळी गावातली पोरं मैद्यात गुंडाळलेला मूठभर कोबी विकत घेऊन खात होती.

हे मला सहन होत नाही. पिकवणारा रडतो, परतणारा परवडत नाही म्हणतो आणि खाणाऱ्याच्या ताटात भाजी नुसती शोभेला. या तिघांच्या मध्ये अंतर आहे ते जेमतेम दोन-तीन किलोमीटरचं. पण कोबी मोठ्या मार्केटला जातो आणि तिथून हात बदलत बदलत बारामतीच्या मंडईत येतो. प्रत्येक हात आपलं काढून घेतो. त्यात त्यांचंही पोट आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण जो माल मार्केटला जातच नाही, त्याचं काय? शेडनेटवाल्यांना विचारा. वाकडी ढोबळी, डाग पडलेली ढोबळी, आकारानं लहान राहिलेली ढोबळी प्रतवारीत बाजूला काढतात. ती चवीला तशीच, पोषणाला तशीच. कढईत तिचे लांब काप पडतात, तेव्हा ती सरळ होती की वाकडी, हे कोणाला कळतं?

मी त्या शेतकऱ्याच्या बायकोला आणि गाडीवाल्या पोराला समोरासमोर बसवलं. ठरलं ते एवढंच: रोज दुपारी बाजूला काढलेला माल ती गाडीवर पोचवणार, भाव दोघांनी आठवड्याचा एकदाच ठरवायचा, पैसे रोखीत. मंडईपेक्षा त्याला स्वस्त पडतं आणि तिला, जे फेकलं जात होतं, त्याचे चार पैसे मिळतात. अजून सुरुवात आहे, फार मोठं काही झालेलं नाही. पण भवानीनगरपासून बारामतीपर्यंत रस्त्याच्या कडेला अशा गाड्या आहेत आणि त्यांच्या मागे हाकेच्या अंतरावर शेतं आहेत.

म्हणून आज शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांनाच सांगणं आहे. ज्यांच्याकडे प्रतवारीत मागे राहिलेली ढोबळी, लहान गड्ड्यांचा कोबी, तुटलेलं गाजर असेल, त्यांनी ते बांधावर कुजू देऊ नये. आपल्या गावच्या चायनीजवाल्याकडे जाऊन एकदा बोलून बघा. मंत्रालयाचा कागद लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. गावानं घरोघरी शौचालयं बांधून निर्मल ग्राम म्हणून नाव कमावलं, ते काम याहून कितीतरी अवघड होतं. आपण पिकवलेली चांगली भाजी पुण्या-मुंबईनं खुशाल खावी. पण तिचा वाटा आधी आपल्या पोरांच्या पोटात जायला हवा, आणि तो मैद्याच्या गोळ्यात लपून नव्हे, ताट भरून जायला हवा.