शिकण्याचे श्रम कोणाचे?

विचारलेल्या प्रश्नाला माणसासारख्या भाषेत उत्तर देणारी चॅटजीपीटीसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने शाळेत आणावीत, असे म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही. म्हणून खंडनापूर्वी तो पुरतेपणी मांडणे न्याय्य ठरते. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र शिक्षक मिळाला, तर त्यांच्यातील सरासरी विद्यार्थीही नेहमीच्या वर्गातील सुमारे 98 टक्के मुलांच्या पुढे जातो. मात्र असा शिक्षक प्रत्येक मुलाला देणे समाजाला परवडणारे नाही, हेही त्यांनीच नोंदवले. पूर्वपक्षाच्या मते ही अडचण आता संपली आहे, कारण यंत्र थकत नाही, दहाव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी चिडत नाही, आणि भरलेल्या वर्गात हात वर करायला संकोचणाऱ्या मुलीलाही ते मराठीत उत्तर देते. खाजगी शिकवणीची फी भरू न शकणाऱ्या घरांच्या दृष्टीने हा युक्तिवाद फार मोलाचा आहे, आणि तो हेटाळणीने उडवून लावणे अन्यायाचे होईल.

तथापि, स्वतंत्र शिक्षक विद्यार्थ्याला मुख्यतः उत्तरे पुरवतो, हे या युक्तिवादामागचे गृहीतक तपासण्यासारखे आहे. ब्लूम यांच्या मांडणीतील शिक्षक ठरावीक टप्प्यांवर मुलाची चाचणी घेत असे, चूक नेमकी कोठे झाली ते दाखवत असे आणि ती दुरुस्त होईपर्यंत पुढचा घटक सुरू करत नसे. म्हणजे विचार करण्याचे श्रम मुलाचेच राहत आणि ते श्रम वाया जाऊ न देण्याची जबाबदारी शिक्षकाची असे. (नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा परिणाम सहसा आढळलेला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.)

हे श्रम यंत्राने उचलले तर काय घडते, याचा पुरावा तुर्कस्तानातील एका प्रयोगातून मिळतो. 2023 मध्ये तेथील माध्यमिक शाळेच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी तीन गटांत विभागण्यात आले: एका गटाकडे फक्त पाठ्यपुस्तक आणि वह्या होत्या, दुसऱ्याकडे नेहमीच्या चॅटजीपीटीसारखे साधन होते, आणि तिसऱ्याकडे तयार उत्तर न देता शिक्षकांनी आखून दिलेल्या सूचनांनुसार केवळ इशारे देणारे साधन होते. सरावात पहिल्या गटाच्या तुलनेत दुसऱ्या गटाची कामगिरी 48 टक्क्यांनी आणि तिसऱ्याची 127 टक्क्यांनी सरस ठरली. त्यानंतर साधने काढून घेऊन परीक्षा घेण्यात आली, तेव्हा दुसऱ्या गटाची कामगिरी पुस्तकावर शिकलेल्या मुलांपेक्षा 17 टक्क्यांनी खालावलेली दिसली. तिसऱ्या गटाचे असे नुकसान झाले नाही. पण सरावातील एवढ्या मोठ्या आघाडीचा परीक्षेत त्याला फायदाही झाला नाही. अधिक चिंतेची बाब अशी की, आपले शिकणे कमी झाले आहे याची जाणीव दुसऱ्या गटातील मुलांना नव्हती. सरावाच्या वहीतील अचूक उत्तर हे शिकल्याचे लक्षण मानण्याची शाळेची जुनी रीत या निष्कर्षाने मोडीत निघते, कारण वही भरलेली असते आणि तरीही मुलाच्या बुद्धीने त्या उदाहरणाशी झटापट केलेली नसते.

यावर असे उत्तर दिले जाते की, लेखनकलेलाही एके काळी विरोध झालाच होता. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादातील राजा थॅमस लिपीमुळे स्मरणशक्ती दुबळी होईल अशी भीती व्यक्त करतो, आणि तरीही मानवजात लिहूनच शहाणी झाली. हा दाखला येथे लागू पडत नाही. लिपीने स्मरणाचे ओझे हलके केले, परंतु वाक्य जुळवणे, युक्तिवाद उभा करणे आणि वाचलेल्याचा अर्थ लावणे ही कामे तिने लिहिणाऱ्यावाचणाऱ्यावरच ठेवली, किंबहुना वाढवली. निबंधाचा कच्चा आराखडा, मुद्द्यांचा क्रम आणि शेवटचे वाक्य हे सारेच जे साधन पुरवते, ते नेमके तेच श्रम काढून घेते ज्यांसाठी निबंध हा प्रकार शाळेत ठेवलेला आहे.

येथून काही पालक आणि शिक्षक दुसऱ्या टोकाला जातात आणि पडदा असलेली प्रत्येक वस्तू वर्गाबाहेर घालवावी असे म्हणतात. पेरूमध्ये ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप वाटूनही गणित आणि भाषा यांच्या गुणांत सुधारणा आढळली नाही, हा त्यांचा आधार खरा आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उपकरण वाटण्याच्या धोरणापुरताच मर्यादित आहे. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय प्रणालीवर झालेला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे चित्र दाखवतो. तेथे सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, आणि प्रणालीने प्रत्येक मुलाला त्याच्या इयत्तेऐवजी त्याच्या खऱ्या पातळीवरचे प्रश्न दिले. सोबत लहान गटांत साहाय्यक शिक्षकही होते. साडेचार महिन्यांत गणितात 0.37 प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) आणि हिंदीत 0.23 इतकी वाढ दिसली. ज्या मुलाला तिसरीचा भागाकार येत नाही त्याच्यापुढे सहावीचे पुस्तक रोज उघडत राहणे, ही शाळेची सर्वांत क्रूर सवय आहे, आणि ती मोडण्यास यंत्राची मदत होत असेल तर ती नाकारण्यात शहाणपण नाही.

त्यामुळे निवाडा साधनाच्या नवेपणावर करता येत नाही. ते कोणाचे श्रम कमी करते, यावर तो करावा लागतो. हातच्याच्या वजाबाकीचे उदाहरण घेता येईल. 52 मधून 27 वजा करताना एखादे मूल 35 लिहिते, कारण त्याने एककस्थानी मोठ्या अंकातून लहान अंक, म्हणजे 7 मधून 2, वजा केलेला असतो. हे उत्तर निष्काळजीपणाचे नाही. त्यामागे एक चुकीचा पण ठाम नियम आहे. चाळीस वह्यांतून अशी मुले वेगळी काढून शिक्षिकेसमोर ठेवणारे साधन तिचे कारकुनी श्रम वाचवते आणि शिकवण्याचे श्रम योग्य मुलापर्यंत पोहोचवते. त्याच मुलाला ‘उत्तर 25’ असे सांगून मोकळे होणारे साधन त्या चुकीच्या नियमाला धक्काही लावत नाही.

महाराष्ट्राच्या अनुभवालाही हीच कसोटी लावावी लागते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची, म्हणजे मोबाइलने टिपताच ध्वनिफीत किंवा चित्रफीत उघडून देणाऱ्या चौकोनी खुणेची, सर्वत्र चर्चा झाली. त्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, आणि पाठ्यपुस्तक त्या भाषेत नेण्याचे काम त्या शिक्षकाने आधी केले होते, हा तपशील मात्र चर्चेत मागे पडला. ती खूण कोठेही छापता येते. ती उघडल्यावर मुलाला कोणत्या भाषेत काय ऐकू यावे, हे मात्र मुलांना ओळखणाऱ्या माणसालाच ठरवावे लागले.

म्हणून कोणतेही साधन शाळेसाठी खरेदी करण्यापूर्वी त्यासोबतच्या सरावातील गुणवाढ पुरावा म्हणून स्वीकारू नये. साधन वापरलेली आणि न वापरलेली मुले काही आठवड्यांनी, ते बाजूला ठेवून, कागद आणि पेन्सिल घेऊन एकाच प्रश्नपत्रिकेला बसवावीत, आणि मराठी माध्यमाच्या शाळेसाठीचे साधन मराठी प्रश्नपत्रिकेवरच तपासावे. तुर्कस्तानातील प्रयोगात साधने काढून घेतली नसती, तर दुसरा गट मागे पडल्याचे शिक्षकांना किंवा त्या मुलांना कळलेच नसते.